सुई महाग की तबकडी?

भूमच्या बाजारपेठेत जिथं रेडिओची दुकानं होती, तिथं आता मोबाईलची कव्हरं आणि चार्जर लटकतात. रेकॉर्ड प्लेअर काखेत मारून कुणी दुरुस्तीला आलंच, तर दुकानातली पोरं आधी त्याचा फोटो काढतात. तरीही जुन्या तबकड्या जपून ठेवणारे लोक या भागात आहेत, आणि अलीकडं हौसेनं नवं टर्नटेबल घेणारेही आहेत. ज्यानं महागातली कार्ट्रिज घेतली, त्याच्यावर कधी ना कधी वेळ येते : कार्ट्रिज मुकी होते, आणि ती दुरुस्त करावी की टाकून द्यावी, हे सांगणारं जवळपास कुणी सापडत नाही.

कार्ट्रिज म्हणजे आर्मच्या टोकाला बसवलेली छोटीशी डबी. तिच्या पोटातून एक बारीक दांडी बाहेर येते आणि दांडीच्या टोकाला हिऱ्याची सुई असते. तबकडीच्या खाचेतून जाताना सुई थरथरते, ती थरथर दांडीवाटे आत जाते आणि तिथं चुंबक व तारेच्या गुंडाळीमुळं तिची वीज होते. वरचे अॅम्प्लिफायर, स्पीकर कितीही भारी असोत, तबकडीला हात लावणारी वस्तू ही एवढीच.

खालचा संवाद दोन मतांचा आहे. सोयीसाठी एकाला अण्णा म्हणू. अण्णांचं तरुणपण लग्नाच्या मांडवात लाऊडस्पीकर लावण्यात गेलं आणि पुढचं आयुष्य रेडिओ-टीव्ही दुरुस्तीत. दुसरे सर, महाविद्यालयातून निवृत्त झालेले, नाट्यसंगीताचे कानसेन. सरांची जपानी कार्ट्रिज एका बाजूनं बंद पडली आहे.

सर : अण्णा, ही फक्त नीट उतरवून द्या. डाव्या बाजूचा आवाज गेला. आता परदेशातल्या कारागिराकडं पाठवायचं ठरवलंय. माझा हात थरथरतो, म्हणून तुमच्याकडं आलो.

अण्णा : उतरवतो की. पण ती गेली, हे कुणी ठरवलं?

सर : आवाज येत नाही. आणखी काय पुरावा पाहिजे?

अण्णा : आवाज न यायला कार्ट्रिजच कारण असते असं नाही सर. अॅम्प्लिफायर बंद करा आणि मागं टर्नटेबलच्या लाल-पांढऱ्या पिना आहेत, त्यांची अदलाबदल करा. मग आवाज अगदी बारीक ठेवून लावा. आता डावा स्पीकर बोलला आणि उजवा गप्प झाला, तर दोष टर्नटेबलकडचा. डावाच गप्प राहिला, तर कार्ट्रिजला हात लावायचं कारण नाही, अॅम्प्लिफायर नाहीतर स्पीकर बघायचा.

सर : तेवढं मी केलं. दोष टर्नटेबलकडचाच आहे.

अण्णा : मग दुसरी पायरी. कार्ट्रिजच्या मागं चार बारीक तारा येतात. पांढरी आणि निळी डावीकडची, तांबडी आणि हिरवी उजवीकडची. चिमट्यानं काढायच्या, टोकं पुसायची आणि उलट लावायच्या. गप्प बाजू बदलली, तर कार्ट्रिज आतून तुटलीय. बदलली नाही, तर आर्ममधली तार गेलीय, आणि ती इथं भूममध्ये मी जोडून देतो. कित्येकदा नुसती टोकं पुसली तरी आवाज येतो. त्यांच्यावर हिरवट थर चढलेला असतो.

सर : तुम्ही करा. मी बघतो.

(तारा उलट लावल्या. गप्प बाजू बदलली.)

अण्णा : म्हणजे तुमचं खरं. आतली गुंडाळी कुठंतरी सुटलीय.

सर : मीटर लावून खात्री करायची का?

अण्णा : मूव्हिंग मॅग्नेटवाली, म्हणजे चुंबक हलणारी असती तर लावला असता. तिच्या गुंडाळीत तारेचे पुष्कळ वेढे असतात, मीटर शेकड्यांत ओहम दाखवतो, काही धोका नसतो. तुमची मूव्हिंग कॉइल, म्हणजे गुंडाळी हलणारी. तार केसापेक्षा कितीतरी बारीक, रेझिस्टन्स मोजक्या ओहमांचा. मीटर मोजताना स्वतःचा करंट तिच्यातून सोडतो. एक बाजू तर गेलीच, मोजण्याच्या नादात दुसरीही जायला नको. आता भिंगाखाली बघू. हिरा जागेवर आहे, दांडी सरळ आहे. दांडीला धरणारं आतलं रबर मात्र खाली बसल्यासारखं वाटतंय. डबीचं पोट तबकडीला टेकायला आलंय.

सर : रबर कशानं बसलं? मी फार वाजवत नाही.

अण्णा : न वाजवताही रबर म्हातारं होतं. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या वर जातो. पत्र्याच्या खोलीत ठेवलेलं रबर कुठं कडक होतं, कुठं सैल पडतं. त्यात ही धूळ. हे सगळं बघितल्यावर तुम्हाला विचारतो, ही दुरुस्त कशाला करायची?

सर : कशाला म्हणजे? दीड लाखाची वस्तू आहे. कचऱ्यात टाकू?

अण्णा : किंमत बाजूला ठेवा. मी लग्नात रेकॉर्डी वाजवल्या त्या क्रिस्टलच्या कार्ट्रिजवर. आत रोशेल सॉल्टचा स्फटिक. त्याला दाबलं-वाकवलं की वीज होते आणि ती भरपूर होते, त्यामुळं साध्या अॅम्प्लिफायरवर मांडव दणाणायचा. पण तो क्षारच. पावसाळ्यात ओल धरायचा, उन्हाळ्यात तापला की कामातून जायचा. आम्ही दुरुस्तीचा विचारसुद्धा केला नाही. बार्शीला गेलं की दोन आणायच्या, एक लावायची, एक पेटीत. एचएमव्हीचा फिएस्टा घरोघरी होता, त्याचीही तीच रीत. कार्ट्रिज झिजायलाच असते, सर.

सर : ती तुमची गरज होती. मांडवात आवाज मोठा पाहिजे, बारकावे कुणाला ऐकायचेत? माझी गोष्ट वेगळी आहे. मूव्हिंग मॅग्नेटमध्ये दांडीच्या मागं चुंबक हलतो आणि गुंडाळी जागेवर बसलेली असते. मूव्हिंग कॉइलमध्ये चुंबक जागेवर आणि चिमुकली गुंडाळी हलते. जे हलायचं ते जितकं हलकं, तितकं खाचेतलं बारीक वळण त्याला पकडता येतं. तंबोऱ्याचा झंकार, गायकानं सम घेण्याआधीचा श्वास मला तिच्यात ऐकू येतो.

अण्णा : येत असेल. पण हलकं ठेवायचं म्हणून तार कमी गुंडाळली, आणि तार कमी म्हणून वीज कमी. साधी मूव्हिंग मॅग्नेट चार-पाच मिलिव्होल्ट देते. तुमची किती?

सर : शून्य दशांश तीन.

अण्णा : म्हणजे पंधरा पट कमी. ती वाढवायला आधी ट्रान्सफॉर्मर लावा. तो एकास दहाचा म्हटला तरी तीन मिलिव्होल्टवर येणार, म्हणजे साध्या कार्ट्रिजच्याही खाली. वाटेत आपल्या गावची वीज. अर्थिंग धड नाही, व्होल्टेज वरखाली, पन्नास हर्ट्झची घरघर तारांत शिरलेली. तो गायकाचा श्वास तुम्ही या घरघरीतून ऐकता?

सर : घरघर काढायला मी स्वतंत्र अर्थिंग करून घेतलं. खड्डा खणला, तांब्याची पट्टी पुरली. आणि एक गोष्ट विसरू नका अण्णा. मूव्हिंग मॅग्नेटची सुई हातानं ओढून काढता येते, नवी घालता येते. मूव्हिंग कॉइलमध्ये दांडी, गुंडाळी, रबर सगळं एकमेकांत बांधलेलं असतं. सुई झिजली की आख्खी कार्ट्रिजच कारागिराच्या हातात द्यावी लागते. म्हणून तिची दुरुस्ती करणारी माणसं तयार झाली. इंग्लंडमध्ये एक्स्पर्ट स्टायलस, अमेरिकेत साउंडस्मिथ. लोक वर्षानुवर्षं त्यांच्याकडं पाठवतात.

अण्णा : ते करतात काय नेमकं?

सर : तीन प्रकार आहेत. पहिला, दांडी तीच ठेवून टोकाला फक्त नवा हिरा. दुसरा, दांडीसकट बदल. जुनी ॲल्युमिनियमची किंवा बोरॉनची असेल तर तिच्या बुडख्यावर नवी चिकटवतात. साउंडस्मिथवाले माणकाची दांडीही बसवतात. तिसरा प्रकार म्हणजे पूर्ण पुनर्बांधणी : रबर, गुंडाळी, सगळं. त्याशिवाय मूळ कंपनीकडं जुनी परत देऊन सवलतीत नवी घेण्याची सोय काही ठिकाणी असते.

अण्णा : तुमची गुंडाळी तुटलीय, म्हणजे तुम्हाला तिसरा प्रकार पाहिजे. आणि तुटलेली गुंडाळी म्हटलं की यातले बरेच कारागीर हात वर करतात. हिरा चिकटवणं वेगळं, आणि केसाहून बारीक तार दोन्ही बाजूंना सारख्या वेढ्यांत गुंडाळणं वेगळं. एका बाजूला दोन वेढे जास्त पडले की एक स्पीकर मोठा बोलणार. आता सांगा, हिरा नवा, दांडी नवी, रबर नवं, तारही नवी. मूळची काय राहिली? डबी आणि चुंबक. ती तुमची कार्ट्रिज कशी?

सर : मिरजेला जा आणि हाच प्रश्न तिथं विचारा. तंबोऱ्याची घोडी तारेनं घासून घासून खाच पडते, जवारी बिघडते. फरीदसाहेब या कारागिरापासून पिढ्यान्‌पिढ्या वाद्यं बनवणारी ती माणसं कानस घेऊन बसतात, घोडीचा माथा पुन्हा घासतात, तारेखाली दोरा सरकवून आवाज उघडतात. घोडी अगदी संपली तर नवी बसवतात. तंबोरा बदलला असं कुठला गवई म्हणतो? वाद्य म्हणजे त्याचं लाकूड, भोपळा आणि त्यातून येणारा नाद. भाग झिजले की बदलायचे.

अण्णा : उदाहरण चांगलं काढलंत, पण ते माझ्याच बाजूनं जातं. जवारी लावताना गवई समोर बसलेला असतो. कारागीर घासतो, हा छेडतो. अजून थोडी, आता बस, थोडी जास्त झाली. कान एकाचा, हात दुसऱ्याचा, दोघं एका खोलीत. तुमच्या कार्ट्रिजच्या वेळी तुम्ही भूममध्ये आणि कारागीर सात समुद्रापलीकडं. त्याला तुमचा आर्म माहीत नाही, तुमचा कान माहीत नाही. तो त्याच्या चवीनं करणार आणि तुम्ही जे येईल ते गोड मानून घेणार.

सर : हे मात्र खरं आहे. कोएत्सू कार्ट्रिज बनवणारे योशिआकी सुगानो असेच हाताच्या चवीचे कारागीर. नाव घेतलं ते होनामी कोएत्सू या जुन्या जपानी कलावंताचं. काही डब्या लाकडाच्या, काही दगडाच्या. सुगानो 2002 मध्ये गेले. त्यांच्या हातची कार्ट्रिज दुसऱ्यानं उघडली तर ती त्यांची राहते का, यावर जगभरचे लोक भांडतात.

अण्णा : भांडू द्या. माझा प्रश्न सोपा आहे. पाठवणार कशी?

सर : कुरिअरनं.

अण्णा : सुईवर झाकण असेल तर ते लावून आधी लहान कडक डबीत, ती डबी फोमच्या मोठ्या खोक्यात. डबीत कापूस घालू नका. त्याचा धागा दांडीला अडकला तर दांडी गेली. बोरॉनची दांडी वाकत नाही, तुटते. आणि कागद?

सर : कागदाचं मी बघितलंय. दुरुस्तीसाठी माल बाहेर जातोय हे पाठवतानाच कागदावर लिहून घ्यायचं. डबीवरचा क्रमांक त्यात टाकायचा, फोटो जोडायचे. परत येताना तीच वस्तू आहे हे दाखवता आलं, तर आयात शुल्क दुरुस्तीचा खर्च, वाहतूक आणि विमा एवढ्यावर लागतं, आख्ख्या किमतीवर नाही. हे आधी केलं नाही, तर कस्टमवाले नवा माल म्हणून धरतात आणि मग घासाघीस सुरू होते.

अण्णा : आणि बिलावर आकडा टाकायचा कोणता? खरा टाकला तर शुल्काची भीती, कमी टाकला तर वाटेत हरवल्यावर विमा तेवढाच.

सर : खरा टाकायचा. एवढं करून काही महिने वाट बघायची. दुरुस्तीचा आकडा मला सांगितलाय तो नव्याच्या निम्म्याहून थोडा कमी.

अण्णा : निम्म्या पैशात एक चांगली मूव्हिंग मॅग्नेट आणि सुयांचा डबा येईल. सर, शुअरसारख्या कंपनीनं 2018 मध्ये कार्ट्रिज बनवणं बंद केलं. तिच्या कार्ट्रिज ज्यांच्याकडं होत्या ते उघडे पडले का? नाही. जपानची जिको कंपनी शुअरच्या कार्ट्रिजला बसणाऱ्या सुया बनवते, त्या घेऊन लोकांचं चालू आहे. सुई बाहेर निघते, म्हणून बनवणारा गेला तरी वस्तू जगते. तुमची कार्ट्रिज तिच्या कारागिरावर टांगलेली.

सर : बाजारात खोट्या सुयाही तेवढ्याच. पाकिटावर हिरा लिहिलेला आणि आत ओबडधोबड टोक. भिंगाखाली बघितलं नाही तर कळतसुद्धा नाही. आणि मूव्हिंग कॉइल म्हणजे सगळं नाजूक आणि अप्राप्य, असंही नाही. डेनॉनची डीएल-103 बघा. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला जपानच्या एनएचके नभोवाणीसाठी तयार केली, आजही नवी मिळते.

अण्णा : मग ती घ्या! बिघडली की नवी. मी तेच म्हणतोय.

सर : ती घेईन. पण ही फेकून देणार नाही.

अण्णा : फेकू नका, कपाटात ठेवा. आता मला एक सांगा. एवढी यातायात कशासाठी? वाजवणार काय तुम्ही?

सर : गीतरामायणाचा संच. पुणे आकाशवाणीनं 1955-56 मध्ये एक वर्ष जी छप्पन्न गाणी ऐकवली, ती सुधीर फडक्यांच्या आवाजात एलपीवर. नाट्यसंगीताच्या एलपी. भावगीतांच्या लहान तबकड्या. आणि वडिलांच्या 78 फेऱ्यांच्या. त्यात काही अशा आहेत की दुसरी प्रत मी अजून कुठं बघितली नाही.

अण्णा : 78 च्या तुम्ही याच सुईवर वाजवता?

सर : नाही, तेवढं माहीत आहे मला. 78 ची खाच रुंद, तिला एलपीच्या सुईच्या तिप्पट-चौपट जाडीचं टोक लागतं. बारीक सुई तिच्या तळाला जाऊन कचऱ्यात घासते आणि नुसती खरखर ऐकू येते. त्यासाठी वेगळी कार्ट्रिज ठेवलीय, साधी मूव्हिंग मॅग्नेट.

अण्णा : म्हणजे वडिलांच्या तबकड्या, ज्यांची दुसरी प्रत नाही, त्या तुम्ही साध्या कार्ट्रिजवर वाजवता. आणि गीतरामायण, जे मोबाईलवरसुद्धा मिळतं, त्याला दीड लाखाची!

सर : तुम्ही शब्दात पकडताय.

अण्णा : शब्दात नाही, हिशेबात. माझे वडील चावीचा ग्रामोफोन वाजवायचे. निजामाच्या राजवटीतलं भूम, तबकड्या बार्शीहून यायच्या. बार्शी इंग्रजी मुलखात, आणि तिथं 1897 पासून रेल्वे. त्या ग्रामोफोनला पोलादी सुई लागायची आणि वडिलांचा नियम होता, एका बाजूला एक सुई. तबकडी उलटली की सुई बदलायची. वापरलेली सुई वेगळ्या डबीत, चुकून पुन्हा लागू नये म्हणून. घरी चहाला साखर नसली तरी सुया असायच्या.

सर : कारण लाखेच्या तबकडीत दगडाची पूड असायची. सुई पहिल्या काही फेऱ्यांत खाचेच्या आकाराची घासून निघावी म्हणून. वर सुई धरणाऱ्या साउंडबॉक्सचं शंभर ग्रॅमहून जास्त वजन.

अण्णा : व्हय. म्हणजे त्या काळच्या कंपन्यांनी ठरवून सुई स्वस्त आणि मऊ ठेवली. झिजायचं काम सुईचं, टिकायचं काम तबकडीचं. आता उलट झालंय. सुई हिऱ्याची, तबकडी मऊ प्लॅस्टिकची, आणि हिरा तबकडीपेक्षा महाग. मग माणूस काय करतो? सुई झिजल्याचं कळतं, शेवटच्या गाण्यांत स-श फाटायला लागतात, पण तो म्हणतो, दुरुस्ती महाग आहे, अजून वर्षभर चालवू. त्या वर्षभरात झिजलेल्या हिऱ्याच्या धारदार कडा खाच खरवडतात. सुई त्याची, भरपाई तबकडीची. महाग कार्ट्रिजचा खरा धोका हा आहे सर. ती माणसाला सुई बदलू देत नाही.

सर : थांबा. हिशेबच करायचा तर नीट करू. एलपीची एक बाजू बावीस मिनिटांची धरली, तर मिनिटाला सव्वातेहतीस फेऱ्यांनी...

अण्णा : सव्वातेहतीस नाही, तेहतीस आणि एक तृतीयांश.

सर : बरोबर. म्हणजे सातशे तेहतीस फेऱ्या. बाहेरून आत सरासरी काढली तर खाचेची लांबी पावणेपाचशे मीटरच्या आसपास येते. हजार तास वाजवलं, तर हिरा तेराशे किलोमीटरच्या जवळपास घासत गेला. भूमहून मुंबई, परत भूम आणि पुन्हा मुंबई गाठून वर शंभर. तेही दोन ग्रॅमच्या आसपासचं वजन सुईच्या टोकावर घेऊन.

अण्णा : एवढ्या प्रवासानंतर आपण गाडीचे टायर बघतो. लोक हिरा बघत नाहीत.

सर : पण तुमच्या हिशेबात एक राहिलं. महाग कार्ट्रिजच्या हिऱ्याला घडण वेगळी असते. साधी सुई गोल टोकाची, ती खाचेच्या दोन भिंतींना एकेका ठिपक्यावर टेकते. बारीक, लांबट घडणीचा हिरा भिंतीला उभ्या रेषेवर टेकतो. दाब पसरतो, झीज कमी. त्याहून मोठं म्हणजे, लग्नाच्या मांडवात तुमच्या क्रिस्टलनं ज्या तबकड्या घासल्या, त्यांच्या भिंतीचा जो पट्टा झिजला त्याच्या वर-खालच्या कोऱ्या भागातून हा हिरा आवाज उचलतो. पुष्कळदा मेलेली वाटणारी तबकडी बोलायला लागते.

अण्णा : हे मी मान्य करतो. माझ्या रेकॉर्डी मीच खराब केल्या, त्या तुमच्या घरी नीट वाजल्या होत्या. पण तसली घडण बाहेर निघणाऱ्या सुईतही मिळते. जिकोवाले देतात, ऑर्टोफोनवाले देतात. घडण पाहिजे म्हणून मूव्हिंग कॉइलच पाहिजे असं नाही.

सर : नाही. तेही खरं.

अण्णा : मग आता शेवटचं सांगा. पाठवायची?

सर : पाठवायची, पण माझी कारणं बदलली. आधी मी दीड लाख वाचवायला निघालो होतो. आता ही कार्ट्रिज रोजच्या वाजवण्याला नको. रोजचं बाहेर निघणाऱ्या सुईच्या कार्ट्रिजवर, तासांची वही ठेवून. ही दुरुस्त झाली तर वर्षातून काही वेळा, ज्या तबकडीतून सगळं काढून घ्यायचं आहे तिच्यासाठी, आणि त्याच वेळी संगणकावर उतरवून ठेवण्यासाठी. कारागिरानं गुंडाळी जमणार नाही असं कळवलं, तर वाद न घालता कंपनीकडं देऊन बदली घ्यायची.

अण्णा : मी असतो तर पाठवली नसती. पण तुमचं कारण आता ऐकण्यासारखं आहे. वही मात्र आजपासून.

वाद इथं थांबला, मत कुणाचंच पुरतं बदललं नाही. वाचकासाठी निवाडा असा करता येईल. कार्ट्रिज बिघडली असं वाटलं, तर आधी पिनांची आणि तारांची अदलाबदल करून दोष नक्की करावा. अर्धी काळजी तिथंच मिटू शकते. नुसता हिरा झिजला असेल आणि दांडी-रबर धड असेल, तर हिरा बदलून घेणं रास्त. दांडी तुटली असेल, तर दुरुस्ती करणाऱ्याचा दर आणि कंपनीची बदलीची किंमत दोन्ही विचारून मग ठरवावं. गुंडाळी तुटली आणि रबरही गेलं, तर दुरुस्त होऊन येईल ती दुसऱ्याच माणसानं घडवलेली नवी कार्ट्रिज असेल, हे मनात धरून पैसे द्यावेत. आणि ज्याला सुई वेळेवर बदलणं परवडणार नाही, त्यानं तेवढी महाग कार्ट्रिज घेऊच नये. या मुद्द्यावर अण्णा बरोबर आहेत.

कारण कार्ट्रिज, महाग असो वा स्वस्त, पुन्हा मिळते. तबकडीचं तसं नाही. 1902 मध्ये कलकत्त्यात पहिली ध्वनिमुद्रणं झाली तेव्हा तबकड्या जर्मनीतल्या हॅनोव्हरला छापून यायच्या. 1908 मध्ये सियालदहला कारखाना निघाला, 1928 पासून डमडमला. डमडमहून निघालेल्या मराठी तबकड्यांपैकी कितीतरी पुन्हा कुठल्याच रूपात बाजारात आल्या नाहीत. ज्या उरल्या त्या घराघरांच्या माळ्यावर, जुन्या ट्रंकांत. 1990 मध्ये मुंबईत सुरू झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्ससारख्या संस्थेनं अशा तबकड्यांच्या नोंदी करण्याचं काम हौशी संग्राहकांच्या बळावर उभं केलं.

भूम, परंडा, वाशी, कळंब या भागात कुणाच्या घरी आजोबांच्या तबकड्या असतील, त्यांना एवढीच विनंती : वाजते का बघू म्हणून माळ्यावरच्या जुन्या प्लेअरच्या जुन्या सुईवर त्या लावू नका. आधी लेबलांचे फोटो काढा, क्रमांक वहीत उतरवा, तबकड्या आडव्या न रचता उभ्या ठेवा. मग नवी सुई घ्या आणि त्यानंतरच वाजवा. ज्यांना प्लेअर घ्यायचा नाही, त्यांनी त्या भंगारात देण्याआधी एखाद्या संग्राहकाला दाखवाव्यात.